एक्सेल चार्टवरचे आकडे दर महिन्याला बिघडतात? डेटा लेबल दुरुस्त करण्याचा क्रम

बाजार समितीची आवक, मंडळनिहाय पाऊस, बचत गटांची कर्जवसुली, शाळेची पटसंख्या... गावाकडच्या कोणत्याही मासिक अहवालात आता एक तरी चार्ट लागतोच. खांब बरोबर येतात, पण त्यांवरचे आकडे, म्हणजे डेटा लेबल, कुठे ना कुठे दगा देतात. नेहमी दिसणारी लक्षणं ही:

- एकाच खांबावरचा आकडा ठळक झाला, बाकीचे होते तसेच राहिले.
- सेलमधला आकडा बदलला, खांबही वाढला, लेबल मात्र मागच्या महिन्याचंच.
- आपल्याकडे १२,३४,५६७ दिसतं, तीच फाइल तालुक्याला उघडली की १,२३४,५६७.
- आकड्याच्या मधोमध ‘ए’ हे अक्षर, किंवा नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा.
- रिकाम्या जागांवर शून्यांची रांग.
- लेबलं एकमेकांवर चढलेली.
- टक्केवारीची बेरीज ९९ किंवा १०१, नाहीतर ४५ टक्क्यांच्या जागी ४५०० टक्के.
- लेबलाच्या जागी चौकटी कंसात इंग्रजीत ‘सेलरेंज’ असा शब्द.

लेबल हा काही वेगळा ठेवलेला आकडा नसतो. सेलमधली किंमत, तिचा नंबर फॉरमॅट (आकडा कसा दाखवायचा याची सूचना), चार्टचा फॉन्ट आणि त्या कॉम्प्युटरची प्रादेशिक सेटिंग, या चौघांचं मिळून ते तयार होतं. म्हणून बिघाड या चौघांत शोधायचा. लेबलावर क्लिक करून हाताने बरोबर आकडा टाइप केला तर आजचा अहवाल निघतो, पण पुढच्या महिन्याला चुकीचा आकडा सही-शिक्क्यासह वर जातो.

खालच्या पायऱ्या एक्सेल २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांसाठी आहेत. २०१० मध्ये बरेचसे पर्याय तेच आहेत, फक्त ते उजवीकडच्या पट्टीऐवजी वेगळ्या खिडकीत उघडतात. हात लावण्याआधी एफ१२ दाबून फाइलची दुसऱ्या नावाने प्रत करून घ्या, आणि लाईन केव्हाही जाते म्हणून मधूनमधून कंट्रोल-एस करत राहा.

पहिली तपासणी: नेमकी किती लेबलं निवडली आहेत?

याला वेळ लागत नाही, खर्च नाही, आणि बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. लेबलावर एकदा क्लिक केलं की त्या सिरीजची, म्हणजे एका रंगाच्या सगळ्या खांबांची, लेबलं निवडली जातात. त्याच लेबलावर परत क्लिक केलं की फक्त तेवढं एकच उरतं. घाईत दोन क्लिक होतात आणि फॉन्ट, रंग, फॉरमॅट जे काही बदलाल ते एकाच लेबलाला लागतं.

एस्केप दाबा, लेबलावर एकदाच क्लिक करा, प्रत्येक लेबलाभोवती चौकट आली का ते पाहा, मगच कंट्रोल आणि १ दाबा. उजवीकडे ‘फॉरमॅट डेटा लेबल्स’ची पट्टी उघडेल. लेबल इतकं बारीक असेल की माउस नीट बसत नाही, तर वरच्या ‘फॉरमॅट’ टॅबमध्ये अगदी डावीकडे एक यादी असते. तिच्यातून त्या सिरीजच्या नावापुढे ‘डेटा लेबल्स’ लिहिलेली ओळ निवडा.

चार्टमध्ये कापूस, सोयाबीन, तूर अशा तीन सिरीज असतील तर नंबर फॉरमॅट तिन्हींना वेगवेगळा द्यावा लागतो. फक्त अक्षरांचा आकार सगळीकडे एकसारखा हवा असेल तर चार्टच्या कडेला क्लिक करून ‘होम’ टॅबमधून आकार बदला. तो सगळ्या मजकुराला एकदम लागतो, शीर्षकालासुद्धा, म्हणून शीर्षक नंतर परत मोठं करा.

दुसरी: सेलमधला आकडा खरोखर आकडा आहे का?

आकड्यांचा रकाना निवडा आणि खालच्या पट्टीकडे बघा. तिथे बेरीज दिसली तर ठीक. नुसती मोजणी दिसली, किंवा आकडे सेलमध्ये डावीकडे चिकटलेले असले, तर एक्सेलच्या लेखी तो मजकूर आहे. मजकुराला चार्ट शून्य धरतो, आणि मग लेबलाचा कुठलाही फॉरमॅट लावला तरी फरक पडत नाही. लोक लेबलाशी तासभर झटत बसतात आणि दोष रकान्यात असतो.

हे होतं कुठून? व्हॉट्सॲपच्या मेसेजमधून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या आकड्यांच्या मागेपुढे मोकळी जागा येते. कोणी सेलमध्येच ‘१२५ क्विं.’ लिहितं. कोणी मराठी कीबोर्ड चालू ठेवूनच आकडे भरतं. साधा मजकूर झालेला रकाना निवडून ‘डेटा’ टॅबमधल्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’वर जा आणि काही न बदलता थेट ‘फिनिश’ दाबा. बहुतेक आकडे जागेवर येतात. हिरवा त्रिकोण दिसत असेल तर त्याच्या यादीतून ‘कन्व्हर्ट टू नंबर’ घ्या. देवनागरी अंक अडले असतील तर कंट्रोल-एच करून एकेक अंक इंग्रजी अंकाने बदलावा लागतो. दहाच अंक आहेत, पाच मिनिटांचं काम.

‘क्विं.’ हवंच असेल तर ते फॉरमॅटने आणा, सेलमध्ये लिहू नका (असे कोड कुठे भरायचे ते चौथ्या तपासणीत आहे):

`0" क्विं."`

लेबलावर देवनागरी अंक हवे असतील तर सेलमध्ये इंग्रजी अंकच राहू द्या आणि फॉरमॅट कोड हा द्या:

`[$-4000439]0`

यातलं शून्य आणि बाकीचे अंक इंग्रजी कीबोर्डवरचेच लागतात. मराठी शून्य टाकलं तर एक्सेल त्याला अंकाची जागा समजत नाही.

तिसरी: लेबल कोणी हाताने टाइप केलंय का?

ओळखायची सोपी खूण: एका सेलमध्ये ९९९९९ सारखा ढळढळीत खोटा आकडा टाका. त्याचं लेबल हललं नाही, तर ते टाइप केलेलं आहे. कंट्रोल-झेड करून खरा आकडा परत आणा आणि पुढच्या सेलकडे वळा.

असं लेबल फक्त जुनं राहतं एवढ्यावर भागत नाही. ते खांबाच्या क्रमांकाला चिकटलेलं असतं, गावाच्या नावाला नाही. तक्ता चढत्या-उतरत्या क्रमाने लावला की खांब जागा बदलतात आणि टाइप केलेली लेबलं तिथेच थांबतात. मोर्शीचा आकडा वरुडवर बसतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण दिसायला सगळं नीटनेटकं असतं. या यादीतला सगळ्यात घातक बिघाड हाच, कारण बाकीचे निदान डोळ्यांना खुपतात.

उपाय: सिरीजची सगळी लेबलं निवडा, ‘लेबल ऑप्शन्स’मध्ये ‘रीसेट लेबल टेक्स्ट’ दाबा. तेवढ्याने भागलं नाही तर लेबलं डिलीट करून चार्टशेजारच्या अधिकच्या चिन्हातून नव्याने टाका.

लेबलात आकड्यासोबत स्वतःचा मजकूर हवा असेल तर तक्त्याशेजारी एक जादा रकाना करा, त्यात ‘&’ चिन्हाने नाव आणि आकडा जोडा, आणि लेबल ऑप्शन्समध्ये ‘व्हॅल्यू फ्रॉम सेल्स’वर खूण करून तो रकाना द्या. मग ‘व्हॅल्यू’वरची खूण काढा, नाहीतर दोन्ही दिसतील. यात तीन ठिकाणी पाय घसरतो. रकाना निवडताना शीर्षकाची ओळ आत गेली तर सगळी लेबलं एकेक घर सरकतात. ‘&’ ने जोडलेला आकडा आपला फॉरमॅट सोडून देतो आणि ३३.३३३३३३ असा लांबलचक येतो, म्हणून तो ‘टेक्स्ट’ फंक्शनमधून घालावा लागतो. आणि ही सोय २०१३ पासूनचीच आहे. ती फाइल २०१० मध्ये उघडली की लेबलाच्या जागी तो चौकटी कंसातला ‘सेलरेंज’ उमटतो. समोरच्याकडे जुनं एक्सेल असेल तर त्याला पीडीएफच पाठवा.

चौथी: नंबर फॉरमॅट

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘फॉरमॅट डेटा लेबल्स’च्या पट्टीत सगळ्यात खाली ‘नंबर’ आहे. तिथे ‘लिंक्ड टू सोर्स’वर खूण असेल तर लेबल सेलचा फॉरमॅट जसाच्या तसा उचलतं. म्हणून सेलमध्ये दशांशाची चार घरं असली तर लेबलावरही चार. तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत: सेलचा फॉरमॅट सुधारा, किंवा ही खूण काढून लेबलाला स्वतःचा फॉरमॅट द्या. एकच चार्ट असेल तर पहिला रस्ता बरा. तक्त्यात पूर्ण रुपये आणि चार्टवर लाख दाखवायचे असतील तर दुसरा.

फॉरमॅट कोडच्या चौकटीत कोड लिहिल्यावर ‘ॲड’ बटण दाबायला विसरू नका. ते न दाबता बाहेर क्लिक केलं की काहीच होत नाही. कोड वर्डमधून चिकटवला असेल तर त्यातली अवतरणचिन्हं वळणदार झालेली असतात आणि एक्सेल कोड नाकारतं. ती खोडून एक्सेलमध्येच नव्याने टाइप करा.

आता लाख-कोटींचा स्वल्पविराम. साधा `#,##0` हा कोड स्वल्पविराम कुठे द्यायचा हे विंडोजला विचारतो. विंडोजमध्ये भारतीय पद्धत ठेवलेली असेल तर १२,३४,५६७ आणि अमेरिकी पद्धत असेल तर १,२३४,५६७. म्हणजे फाइल बिघडलेली नाही, दोन कॉम्प्युटरांची सेटिंग वेगळी आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘रीजन’, मग ‘ॲडिशनल सेटिंग्ज’, मग ‘डिजिट ग्रुपिंग’मध्ये १२,३४,५६,७८९ हा नमुना निवडा आणि एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. पण समोरच्याचा कॉम्प्युटर आपल्या हातात नसतो. फाइल बाहेर जाणार असेल तर स्वल्पविराम कोडमध्येच बांधून टाका:

`[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0`

पहिला भाग कोटींसाठी, दुसरा लाखांसाठी, तिसरा उरलेल्या सगळ्यांसाठी. अटी दोनच देता येतात, त्यामुळे उणे आकडे तिसऱ्या भागात जातात आणि मोठ्या तोट्याचा स्वल्पविराम परत विंडोजच्या मर्जीने पडतो. ताळेबंदाच्या चार्टमध्ये याकडे लक्ष ठेवा.

खांब अरुंद आणि रक्कम मोठी असेल तर थेट लाखात दाखवा:

`0\.00," लाख"`

१२३४५६७ चं यात १२.३५ लाख होतं. शेवटचा स्वल्पविराम हजाराने भागतो आणि तिरप्या रेघेमागचा बिंदू शेवटच्या दोन अंकांआधी नुसता छापला जातो. शेतकरी उत्पादक कंपनीच्या उलाढालीच्या चार्टला हा कोड फार उपयोगी पडतो.

राहिली शून्यं. ज्या सेलमध्ये खरंच काही नाही तिथे खांबाच्या चार्टला लेबल येत नाही. शून्य दिसतंय म्हणजे सेलमध्ये शून्य आहे, किंवा फॉर्म्युल्याने रिकामा मजकूर आणलाय. लपवायला:

`#,##0;-#,##0;;`

तिसरा भाग शून्याचा, तो मोकळा सोडला की शून्य छापलं जात नाही. ०.४ सारखी किंमत मात्र यातून सुटते आणि ० म्हणूनच उमटते, कारण ती शून्य नाही. तिच्यासाठी, चार्टमध्ये उणे आकडे नसतील तर, `[<0.5]"";0` हा कोड वापरा.

पावसाच्या चार्टमध्ये मात्र शून्य लपवू नका. ० मिमी म्हणजे त्या मंडळात पाऊस पडला नाही, आणि रिकामी जागा म्हणजे नोंद आली नाही. जूनच्या शेवटी पेरणी उलटते की काय या धास्तीत असलेला शेतकरी हा चार्ट पाहतो तेव्हा या दोन गोष्टी वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. नोंद नसलेला सेल खरोखर रिकामा ठेवा, शून्याला लेबल राहू द्या.

पाचवी: फॉन्ट

ग्रामपंचायतीच्या जुन्या फाइली अजून कृतिदेवमध्ये असतात. कृतिदेव फक्त इंग्रजी अक्षरांवर मराठी आकार चढवतो. सेलमध्ये फॉन्ट कृतिदेव असतो म्हणून नाव वाचता येतं, पण चार्ट आपला स्वतःचा फॉन्ट लावतो आणि आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मग कोणीतरी अख्ख्या चार्टला कृतिदेव लावतं. नावं सुधारतात, आकडे बिघडतात: कृतिदेवमध्ये स्वल्पविरामाच्या कळीवर ‘ए’ बसवलेला आहे आणि पूर्णविरामाच्या कळीवर अर्धा ‘ण’. १२,५०० च्या मध्ये ‘ए’ येतो तो इथून.

तात्पुरता इलाज: फक्त डेटा लेबलं निवडून त्यांचा फॉन्ट निर्मला यूआय किंवा मंगल करा, नावांच्या अक्षाला कृतिदेव राहू द्या. कायमचा इलाज म्हणजे नावं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या मराठीत, आणणं. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण मोर्शी आणि सुर्जीमधला रफार, ‘ऱ्या’ आणि जोडाक्षरं रूपांतरानंतर डोळ्यांखालून घालाच. तालुक्यांची किंवा मंडळांचीच यादी असेल तर सरळ नव्याने टाइप करणं लवकर होतं. कृतिदेवची फाइल फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर गेली की सगळंच उघडं पडतं, ही आणखी एक अडचण त्याने कायमची जाते.

सहावी: जागा पुरते का?

अमरावती जिल्ह्याचे १४ तालुके उभ्या खांबांत घातले की नांदगाव खंडेश्वर, अंजनगाव सुर्जी, धामणगाव रेल्वे ही नावं तिरपी होतात आणि लेबलं एकमेकांना भिडतात. फॉन्ट ८ च्या खाली नेऊ नका, झेरॉक्समध्ये तो उडतो. चार्टचा प्रकार बदलून आडव्या पट्ट्या घ्या. नाव डावीकडे पूर्ण बसतं आणि आकडा पट्टीच्या टोकाला मोकळा राहतो. जागा वाचवायला नावं तोडत असाल तर जपून: चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार दोन्हींचं ‘चांदूर’ झालं तर वाचणाऱ्याला काही कळणार नाही.

आकडा खांबाच्या वर हवा आणि ‘आउटसाइड एंड’ सापडत नाही, तर चार्ट स्टॅक्ड, म्हणजे एकावर एक रचलेल्या खांबांच्या, प्रकारचा आहे. त्या प्रकारात तो पर्याय मिळतच नाही. एकूण बेरजेची वेगळी सिरीज घाला, तिचा प्रकार ‘लाइन’ करा, तिला ‘अबव्ह’ जागेवर लेबल द्या आणि रेघ ‘नो लाइन’ करून टाका. खांबावर बेरीज दिसते.

‘पाय’ म्हणजे गोल चार्टमध्ये सहापेक्षा जास्त फोडी झाल्या की लेबलं चढणारच. ती ओढून बाजूला करता येतात आणि जोडरेघाही येतात, पण आकडे बदलले की परत तेच. तिथेही आडव्या पट्ट्याच घ्या.

सातवी: टक्के

सेलमध्ये ४५ लिहून मग टक्क्यांचा फॉरमॅट दिला की ४५०० टक्के दिसतात, कारण तो फॉरमॅट शंभराने गुणतो. सेलमध्ये ०.४५ हवं, किंवा कोड `0"%"` असा द्या, अवतरणातलं चिन्ह गुणाकार करत नाही. बेरीज ९९ येते ती दशांश सोडून जवळचा पूर्णांक घेतल्यामुळे: तीन समान भाग म्हणजे ३३, ३३, ३३. कोड `0.0%` केला की फरक आक्रसतो. तरी उरला तर चार्टखाली ‘आकडे जवळच्या अंकात घेतल्यामुळे बेरीज १०० होईलच असे नाही’ अशी ओळ लिहा. १०० जुळवण्यासाठी एखादा आकडा फिरवू नका.

आठवी: दर महिन्याला परत तेच होत असेल तर

चार्ट पिव्होट टेबलवरचा (एक्सेल आपोआप करून देतं त्या सारांश-तक्त्यावरचा) असेल तर रिफ्रेश किंवा फिल्टर केल्यावर एकेकट्या लेबलाला दिलेलं रूप जातं. रूप नेहमी अख्ख्या सिरीजला द्या. तरीही जात असेल तर पिव्होटशेजारी साध्या सेलमध्ये आकडे ओढून घ्या आणि चार्ट त्यांवर काढा.

साधा चार्ट एकदा मनासारखा जमला की त्यावर उजवं क्लिक करून ‘सेव्ह ॲज टेम्प्लेट’ करा. पुढच्या महिन्यात ‘चेंज चार्ट टाइप’मध्ये ‘टेम्प्लेट्स’ खाली तो मिळेल. शेजारच्याच चार्टला तेच रूप हवं असेल तर पहिला कॉपी करा, दुसरा निवडा आणि ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘फॉरमॅट्स’ घ्या.

पाठवताना चार्टचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. चित्र दाबलं जातं आणि लेबलं पुसट होतात. पीडीएफ करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. काळ्या-पांढऱ्या प्रिंटला गडद खांबावरचं काळं लेबल दिसत नाही, ते खांबाबाहेर काढा.

गुगल शीट्समध्ये हीच कामं चार्ट एडिटरच्या ‘कस्टमाइज’मधल्या ‘सिरीज’ खाली होतात, आणि स्टॅक्ड चार्टला बेरजेचं लेबल तिथे तयारच मिळतं. मोबाइलवर पर्याय फार कमी दिसतात, कॉम्प्युटरवरच करा. लिबरऑफिसमध्ये ‘लिंक्ड टू सोर्स’च्या जागी ‘सोर्स फॉरमॅट’ असतं.

कुठे थांबायचं

फाइल उघडताना एक्सेल दुरुस्तीची परवानगी मागत असेल तर हात आवरा. त्या नावावर सेव्ह करू नका. प्रत काढून जाणकाराकडे द्या.

चार्ट मॅक्रोने (फाइलमधल्या छोट्या प्रोग्रामने) तयार होत असेल तर लेबलावरची तुमची मेहनत पुढच्या वेळी मॅक्रो पुसून टाकेल. ज्याने मॅक्रो लिहिला त्यालाच गाठा. जिल्ह्याहून आलेल्या नमुन्याला पासवर्ड असेल तर तो तोडायच्या भानगडीत पडू नका, नमुना पाठवणाऱ्या कार्यालयाला अडचण लेखी कळवा.

नवीन कोऱ्या फाइलमध्ये पाच आकडे लिहून चार्ट काढा. तिथेही तोच बिघाड आला तर दोष ऑफिसच्या इन्स्टॉलेशनमध्ये किंवा फॉन्टमध्ये आहे, आणि ते काम कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याचं. कोऱ्या फाइलमध्ये सगळं नीट चालत असेल तर त्याला बोलावण्याचे पैसे वाचवा, दोष तुमच्या फाइलमध्येच आहे. आणि लेबल बरोबर दिसतंय पण आकडाच पटत नसेल तर प्रश्न चार्टचा नाही: लेखापालाकडे किंवा मूळ नोंदवहीकडे जा.

जाणकाराकडे जाताना फाइलची प्रत, एक्सेलची आवृत्ती (‘फाइल’ मेनूतल्या ‘अकाउंट’मध्ये दिसते), बिघाडाचा स्क्रीनशॉट आणि कोणत्या कृतीनंतर तो दिसला हे लिहून न्या. त्या प्रतीत लाभार्थ्यांची नावं, आधार क्रमांक किंवा बँक खाती असतील तर ते रकाने आधी डिलीट करा. लेबलाची दुरुस्ती त्यांच्याशिवायही होते.